अणुभट्टी बंद करायला तारीख, रोमा मुलांच्या शाळेला नुसते आश्वासन

गेल्या काही महिन्यांत आमच्या अभ्यासवर्गात एकच वाद पुन्हा पुन्हा होतो आहे. भारत आणि युरोपियन युनियन यांच्यात मुक्त व्यापार कराराची बोलणी 2007 मध्ये सुरू झाली, 2013 मध्ये थांबली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. आमच्यातल्या काही तरुण साथींचे म्हणणे असे की आपण ब्रुसेल्सला पत्रे लिहावीत, जातीय अत्याचार आणि शिक्षणातल्या भेदभावाची अट व्यापाराला जोडायला लावावी. दिल्ली ऐकत नाही, मुंबई ऐकत नाही, तर बाहेरून दाब आणावा. 2007 च्या फेब्रुवारीत युरोपियन संसदेने भारतातील दलितांच्या स्थितीवर ठराव केला होता, मग पुढचे पाऊल का टाकू नये?

प्रश्न चांगला आहे. त्याला "परकीय हस्तक्षेप" म्हणून झटकणारे लोक कोण असतात हे आपल्याला ठाऊक आहे. 2001 मध्ये डर्बनच्या परिषदेत जातीचा विषय येऊ नये म्हणून भारत सरकारने किती धडपड केली, ते आपली चळवळ विसरलेली नाही. तेव्हा आम्ही त्या सुरात सूर मिसळणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की पत्र लिहिण्याआधी याच युरोपियन युनियनने स्वतःच्या दारात उभ्या असलेल्या देशांना अटी घालून, पैसे देऊन तिथल्या अस्पृश्यांसाठी काय केले, ते तपासा. ते अस्पृश्य म्हणजे रोमा. इंग्रजीत ज्यांना जिप्सी म्हणून हिणवले गेले ते लोक.

रोमांची संख्या युरोपभर 1 कोटी ते 1 कोटी 20 लाख मानली जाते, त्यातले साधारण 60 लाख युरोपियन युनियनच्या देशांत राहतात. आजच्या रोमानियाच्या भूमीवर ते 1850 च्या दशकापर्यंत मठांचे आणि सरदारांचे गुलाम होते. नाझींनी ज्यूंबरोबर लाखो रोमा मारले. त्यांच्या भाषेत एक ते पाच हे आकडे येख, दुई, त्रिन, श्तार, पांज असे मोजतात, नाकाला नाख आणि पाण्याला पानी म्हणतात. हे ऐकून आपल्याकडचे काही लोक फार हळवे होतात. 2016 मध्ये दिल्लीत सरकारी आश्रयाने आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली आणि तिथे परराष्ट्र मंत्र्यांनी रोमांना भारताची लेकरे म्हटले. हजार वर्षांपूर्वी गेलेली लेकरे आठवतात, गावकुसाबाहेरची दिसत नाहीत! आमचे रोमांशी नाते रक्ताचे नाही आणि तसे जोडायची आम्हाला गरजही नाही. नाते बाबासाहेबांमुळे आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी पैशांची गोष्ट. 1989 मध्ये पूर्व युरोपातली कम्युनिस्ट राजवट कोसळली. त्याच वर्षी पश्चिम युरोपने पोलंड आणि हंगेरी यांच्या अर्थव्यवस्थेच्या पुनर्रचनेसाठी 'फार' नावाचा कार्यक्रम काढला. पुढे तो इतर देशांनाही लागू झाला. ब्रिटनने आपला वेगळा 'नो-हाऊ फंड' काढला, इतर सरकारांनीही आपापल्या परीने हात घातला. सुरुवातीला हा पैसा बाजारव्यवस्था उभी करायला होता. मग 1993 मध्ये कोपनहेगनला युरोपियन नेते जमले आणि सदस्य व्हायच्या अटी ठरल्या: लोकशाही, कायद्याचे राज्य, मानवी हक्क, अल्पसंख्याकांचा आदर आणि संरक्षण, चालणारी बाजारव्यवस्था, आणि युनियनचा सगळा कायदा पाळण्याची क्षमता. त्यानंतर मदतीचा अर्थ बदलला. ही गरिबाला दिलेली मदत राहिली नाही, क्लबात यायचे असेल तर घर नीट लावा म्हणून दिलेला आगाऊ पैसा झाला. 1998 पासून दरवर्षी प्रत्येक उमेदवार देशाचे प्रगतीपुस्तक निघू लागले. जुन्या सदस्य देशांचे सरकारी अधिकारी उमेदवार देशांच्या खात्यांत येऊन बसू लागले आणि कायदे कसे लिहायचे, तपासणी कशी करायची ते शिकवू लागले.

2007 पासून सगळे जुने कार्यक्रम मोडून एकच 'आयपीए' म्हणजे प्रवेशपूर्व मदत निधी झाला. पहिल्या 7 वर्षांत सुमारे साडेअकरा अब्ज युरो. 2021 ते 2027 या तिसऱ्या फेरीत 14 अब्ज युरोंहून थोडे अधिक. सर्बिया, अल्बानिया, उत्तर मॅसिडोनिया, माँटेनेग्रो, बोस्निया, कोसोव्हो आणि तुर्कस्तान यांच्यात हा पैसा वाटला जातो. पश्चिम बाल्कनसाठी 2024 ते 2027 या काळात आणखी 6 अब्ज युरो ठेवले आहेत. त्यातले 2 अब्ज अनुदान आणि 4 अब्ज कर्ज. आणि ते हप्ते सुधारणा केल्या तरच सुटतात.

आता "अल्पसंख्याकांचा आदर आणि संरक्षण" ही अट पाहा. पूर्व युरोपात या अटीची सगळ्यात मोठी परीक्षा रोमाच होते. ब्रुसेल्सच्या अहवालांत दरवर्षी रोमांवर परिच्छेद यायचा. उमेदवार सरकारे दरवर्षी रोमा धोरण, रोमा आयोग, रोमा आराखडा दाखवायची. मदतीतून शाळेचे प्रकल्प, प्रशिक्षण, कार्यशाळा व्हायच्या. हा दाब अगदीच पोकळ नव्हता, तेही सांगितले पाहिजे. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये चेक प्रजासत्ताकात उस्ती नाद लाबेम शहरातल्या मातिच्नी रस्त्यावर पालिकेने रोमांची वस्ती शेजाऱ्यांपासून तोडण्यासाठी भिंत बांधली. आपल्याकडे वस्ती झाकायला भिंती उभ्या राहतात, तशीच. युनियनशी बोलणी चालू होती, बाहेरून टीका झाली, आणि नोव्हेंबरमध्ये भिंत पाडली गेली. जेमतेम सहा आठवडे टिकली. पण ती पाडताना काय झाले? सरकारने पालिकेला निधी दिला आणि त्यातल्या पैशांतून भिंत मागणाऱ्या शेजाऱ्यांची घरे विकत घेतली, म्हणजे त्यांना रोमांपासून दूर जाता यावे! सरकारी पैसा शेवटी कोणाच्या सोयीसाठी वळला, हे आम्हाला भिंतीपेक्षा जास्त बोलके वाटते.

त्याच देशात ओस्त्रावा शहरात रोमा मुलांना मतिमंदांच्या विशेष शाळांत टाकले जायचे. रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या 27 पट होती. 18 मुलांनी 2000 मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. (हे न्यायालय युरोपियन युनियनचे नाही, ते वेगळ्या संस्थेचे आहे, दोन्हींत गोंधळ करू नये.) 2004 च्या 1 मे रोजी चेक प्रजासत्ताक युनियनचा सदस्य झाले. या शाळा तशाच होत्या. प्रवेश अडला नाही, तारीख पुढे गेली नाही. पुढे कायदा बदलून "विशेष शाळा" हे नाव काढले आणि "व्यावहारिक शाळा" अशी पाटी लावली. 2006 मध्ये न्यायालयाच्या पहिल्या पीठाने मुलांविरुद्ध निकाल दिला, 2007 च्या 13 नोव्हेंबरला मोठ्या पीठाने तो फिरवला आणि भेदभाव झाला हे मान्य केले. भरपाई प्रत्येकी 4 हजार युरो. तोवर ती मुले मोठी झाली होती.

इथे कोणी म्हणेल, शाळा सुधारायला वेळ लागतो, एवढ्यासाठी देशाचा प्रवेश कसा अडवणार? मान्य करू. पण मग अणुभट्ट्यांचे उदाहरण घ्या. लिथुआनियात इग्नालिना इथे चेर्नोबिलच्या जातीची अणुभट्टी होती. देशाची बहुतेक वीज तिच्यावर चालायची. स्लोव्हाकियात बोहुनित्सेला, बल्गेरियात कोझ्लोदुयला जुन्या सोव्हिएत धाटणीच्या भट्ट्या होत्या. पश्चिम युरोपला त्यांची भीती वाटत होती, कारण किरणोत्सार सीमा पाहत नाही. मग काय केले? प्रवेश करारातच तारखा लिहिल्या. इग्नालिनाची एक भट्टी 2005 उजाडायच्या आत, दुसरी 2009 च्या अखेरीस. बोहुनित्सेची एक 2006 ला, दुसरी 2008 ला. बंद करायच्या खर्चासाठी वेगळे पैसे दिले, आणि प्रवेशानंतरही देत राहिले. सगळ्या भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. 2009 च्या 31 डिसेंबरला इग्नालिना थांबली आणि लिथुआनिया वीज विकणाऱ्याचा वीज घेणारा देश झाला. लोक नाराज होते, पण तारीख ती तारीख.

दुसरे उदाहरण रोमानिया आणि बल्गेरियाचे. 2007 मध्ये ते आत आले तेव्हा न्यायव्यवस्था आणि भ्रष्टाचार यांबद्दल जुन्या सदस्यांना खात्री नव्हती. म्हणून आत आल्यानंतरही दोघांवर देखरेखीची खास यंत्रणा बसवली. ती 2023 पर्यंत चालली. आणि उत्तर मॅसिडोनियाला तर स्वतःचे नाव बदलावे लागले! ग्रीसचा आक्षेप होता म्हणून 2019 मध्ये देशाच्या नावाला "उत्तर" जोडले, मग 2020 मध्ये बल्गेरियाने इतिहास आणि भाषेच्या वादावरून रस्ता अडवला.

म्हणजे अट कडक करता येते. तारीख लिहिता येते. आत आल्यावर देखरेख ठेवता येते. देशाला नाव बदलायला लावता येते. हे सगळे तेव्हा होते, जेव्हा आत बसलेल्या एखाद्या बलवानाला स्वतःला झळ लागणार असते. रोमा मूल मतिमंदांच्या वर्गात बसले तर कोणत्या सदस्य देशाला झळ लागत होती? म्हणून त्याच्यासाठी आराखडा, अहवाल आणि कार्यशाळा.

शिवाय अट घालणाऱ्यांचे स्वतःचे घर? अल्पसंख्याक संरक्षणाची अट उमेदवारांना. फ्रान्स अल्पसंख्याक ही संकल्पनाच मानत नाही आणि त्याबाबतच्या युरोपीय कराराला त्याने मान्यता दिलेली नाही. त्याच फ्रान्सने 2010 मध्ये रोमानिया आणि बल्गेरियातून आलेल्या रोमांच्या वस्त्या मोडून त्यांना परत पाठवले. ते तेव्हा युनियनचे नागरिक होते! 2009 च्या अखेरीस सर्बिया, मॅसिडोनिया यांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय प्रवास मिळाला आणि गरीब रोमा आश्रय मागायला पश्चिमेकडे जाऊ लागले. तेव्हा सवलत काढून घेण्याचा धाक या सरकारांना दाखवला गेला, आणि त्यांनी आपल्याच सीमेवर रोमांना गाडीतून उतरवायला सुरुवात केली. इथे अट लगेच पाळली गेली, कारण ती रोमांच्या विरुद्ध होती.

आता हंगेरी. तोही 2004 चाच सदस्य. प्रवेशाआधीच्या काळात रोमा धोरणाबद्दल त्याचे कौतुक व्हायचे. प्रवेशानंतर चार-पाच वर्षांत, 2008-09 मध्ये, रोमा वस्त्यांवर रात्री हल्ले झाले आणि सहा जण मारले गेले. तातारसेंतग्योर्ग्य गावात घर पेटवून बाहेर पळणाऱ्या बापाला आणि त्याच्या पाच वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या. खैरलांजी पाहिलेल्या माणसाला याचे स्पष्टीकरण लागत नाही. पुढे शाळेत राहण्याची सक्तीची वयोमर्यादा 18 वरून 16 वर आणली. ग्योंग्योश्पाता गावात रोमा मुलांना वेगळ्या वर्गात बसवले म्हणून 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली, तर पंतप्रधान ओर्बान यांनीच त्या भरपाईवर जाहीर आक्षेप घेतला. काम न करता पैसे कसे मिळतात, हा त्यांचा सूर. हा सूर आपल्याला नवा आहे का? शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांच्याबद्दल आपण तो रोज ऐकतो.

युनियनने शाळांतल्या भेदभावावरून चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी यांच्यावर 2014 ते 2016 मध्ये कायदेशीर कारवाई सुरू केली. स्लोव्हाकियाला न्यायालयात खेचायचा निर्णय झाला 2023 मध्ये. सदस्यत्व मिळून 19 वर्षे झाल्यावर! पहिलीत बसलेले मूल तोवर पंचविशीचे झाले.

याच हंगेरीच्या ईशान्येला शायोकाझा नावाचे गाव आहे. खाणी बंद पडलेला, बेकार झालेला मुलूख. देरदाक तिबोर आणि ओर्शोश यानोश या दोन कार्यकर्त्यांच्या हाती बाबासाहेबांचे चरित्र आणि विचार आले. ओर्शोश स्वतः रोमा. ते महाराष्ट्रात आले, इथल्या बौद्ध वस्त्या, वसतिगृहे पाहिली, परत गेले आणि 2007 मध्ये डॉ. आंबेडकर यांच्या नावाने शाळा काढली. इतर शाळांनी बाहेर टाकलेली रोमा मुले तिथे शालान्त परीक्षेला बसतात. संघटनेचे नाव जय भीम नेटवर्क. 2016 च्या 14 एप्रिलला तिथे बाबासाहेबांचा पुतळा बसला. 2011 च्या कायद्याने हंगेरीत शेकडो लहान धार्मिक समुदायांचा अधिकृत दर्जा काढून घेतला, त्यात या जय भीम समुदायाचाही गेला. आणि दर्जा गेला की सरकारी अनुदानाचे दरवाजे बंद होतात.

कोट्यवधी युरोंचे रोमा प्रकल्प एका बाजूला आणि ही शाळा दुसऱ्या बाजूला ठेवून पाहा. प्रकल्पात रोमा "लाभार्थी" असतो. निधी मिळवायचा तर परकी भाषेत जाडजूड अर्ज, स्वतःचा हिस्सा, आधी खर्च करून मागून पैसे घेण्याची ऐपत, हिशेब तपासनीस. वस्तीतल्या संघटनेकडे यातले काय असते? मग निविदा राजधानीतल्या सल्लागार संस्था घेतात, वस्तीत दोन दिवसांचे शिबिर होते, फोटो निघतो. आपल्याकडे स्वयंसेवी संस्थांनी चळवळीतली किती पोरे अशी गिळली, याची यादी प्रत्येक जिल्ह्यात तयार आहे. शायोकाझात मात्र रोमा माणूस शाळा चालवतो, कोणाला घ्यायचे आणि काय शिकवायचे तो ठरवतो.

सत्तेचा वाटा मिळाला तिथे थोडे वेगळे घडले. स्कोप्ये शहरातली शुटो ओरिझारी ही पालिका 1996 पासून स्वतंत्र आहे, तिथे रोमा बहुसंख्य आहेत, महापौर रोमा असतो आणि रोमानी ही कारभाराची भाषा आहे. गरिबी तिथेही भयंकर आहे, ते स्वर्ग म्हणून आम्ही दाखवत नाही. स्लोव्हेनियाने 2002 मध्ये कायद्याने 20 पालिकांत रोमा प्रतिनिधीची जागा ठरवली. 2004 मध्ये हंगेरीतून युरोपियन संसदेत दोन रोमा स्त्रिया गेल्या. पण पक्षांच्या यादीवरून. पक्षाच्या यादीवरून गेलेला प्रतिनिधी कोणाला बांधील असतो, हे पुणे करारानंतर नव्वद वर्षे भोगणाऱ्या समाजाला कोणी समजावून सांगू नये.

बाबासाहेब 1930 पासून गोलमेज परिषदेत काय मागत होते? सत्ता हस्तांतर व्हायच्या आधी संरक्षणे लिहून द्या. कारण सत्ता एकदा सवर्णांच्या हाती गेली की मागणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. 1947 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेपुढे ठेवलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही त्यांचा भर तोच: संरक्षणे घटनेतच हवीत, सामाजिक बहिष्कार गुन्हा ठरवला पाहिजे, कारभारात आणि नोकऱ्यांत ठरलेला वाटा पाहिजे. रोमांना 2004 च्या आधी नेमकी तीच घडी मिळाली होती. दार उघडण्यापूर्वीची घडी. पण वाटाघाटीच्या टेबलावर रोमा नव्हते. एका बाजूला ब्रुसेल्सचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला त्याच सरकारांचे अधिकारी, ज्यांच्या शाळा भेदभाव करत होत्या. रोमा होते अहवालाच्या परिच्छेदात.

घटनेत लिहिले म्हणून सगळे झाले असे आम्ही म्हणत नाही. निधीचेच पाहा. अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना 1979-80 पासून आहे. 2010 मध्ये दिल्लीत त्यातले सातशे कोटींहून अधिक रुपये राष्ट्रकुल खेळांकडे वळवल्याचे माहिती अधिकारातून उघड झाले. 2025 मध्ये महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचे चारशे कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे गेले आणि खात्याच्या मंत्र्यांनीच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. पण आपल्याकडे निदान ओरडायला आधार आहे, कारण हिस्सा लोकसंख्येच्या प्रमाणात असावा हे तत्त्व मान्य आहे. आंध्र आणि कर्नाटकने 2013 मध्ये त्याचे कायदे केले. महाराष्ट्रातले कार्यकर्ते तसा कायदा अजून मागतच आहेत. आणि कायदा असलेल्या कर्नाटकातही पळवाट काढून पैसा इतर योजनांना लावला गेला. म्हणजे पैशाला कायदा हवा आणि कायद्याला पहारा हवा. पहारा कार्यकर्त्यांनीच द्यायचा असतो.

आता ब्रुसेल्सच्या पत्राकडे येतो. आमचा त्याला विरोध नाही. पण "भारताने दलितांच्या मानवी हक्कांचा आदर करावा" एवढेच वाक्य मागायचे असेल तर टपालाचा खर्च वाचवा. ते वाक्य दोन्ही बाजू आनंदाने लिहितील आणि तिसऱ्या दिवशी विसरतील. व्यापार करारात तर सदस्यत्वाचे आमिषही नाही, त्यामुळे दाब आणखी कमी. मागायचेच तर मोजता येईल असे मागा. युरोपला माल विकणाऱ्या भारतातल्या कंपन्यांनी आपल्या नोकरभरतीचे जातवार आकडे दरवर्षी जाहीर करावेत, पहिले आकडे अमुक तारखेच्या आत. युरोपात दुकाने असलेल्या ब्रँडांनी तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत आणि आग्र्याच्या चामड्याच्या कारखान्यांत कोण काम करते आणि किती मजुरीवर, ते सांगावे. तपासणीच्या समितीत कामगारांच्या आणि दलितांच्या संघटनांना जागा असावी, सरकारने नेमलेल्या नव्हे, संघटनांनी निवडलेल्या माणसांना.

अभ्यासवर्गातल्या साथींनी हे ऐकून विचारले, एवढे ते मान्य करतील का? बहुधा नाही. पण अणुभट्टीच्या तारखा मान्य झाल्या होत्या, तेव्हा तारीख लिहिताच येत नाही असे सांगायला त्यांना तोंड राहणार नाही. पत्राचा मसुदा या मुद्द्यांवर आम्ही तयार केला आहे. पुढच्या बैठकीत तो वाचला जाईल. सही करण्याआधी प्रत्येकाने तो खोडून पाहावा. आणि एक प्रत शायोकाझालाही पाठवायची आहे. त्यांनी अटींचे काय होते ते आत राहून पाहिले आहे. त्यांच्या दुरुस्त्या आल्याशिवाय मसुदा पक्का करू नये, असे आमचे मत आहे.

जयभीम!